सोहनबाईंनी बुडवलेला सूर्य

शहाद्यात सूर्याशी घासाघीस करणारा माणूस एकच होता, आणि तो नेमका सोहनबाईंच्या नशिबी आला होता.

सुगनचंद शेठजींचं मेन रोडवर कापडाचं दुकान. दिवसभर ब्राह्मणपुरीकडच्या गुजर बाया येऊन साड्यांचे ढीग उपसत आणि भाव पाडून मागत. शेठजींना त्याचा फार राग येई. पण दिवस कलला की तेच शेठजी घरी येऊन तोच खेळ सूर्याशी खेळत. चातुर्मासात त्यांचा चौविहार असे. म्हणजे सूर्य बुडाला की अन्न बंद, पाण्याचा घोटही बंद, तो थेट दुसऱ्या दिवशी सूर्य वर येईपर्यंत. व्रत त्यांनी अगदी मनापासून घेतलेलं. फक्त सूर्य नेमका कधी बुडतो, हे ठरवण्याचा हक्क तेवढा त्यांनी स्वतःकडे राखून ठेवला होता.

भिंतीवरच्या कॅलेंडरात सूर्यास्ताची वेळ छापलेली असे. ती शेठजींना मान्य नव्हती. हे घर राजस्थानातून येऊन तीन पिढ्या लोटल्या होत्या आणि दुकानातल्या अहिराणीने घरातल्या मारवाडीला केव्हाच मागे टाकलं होतं. पाटावर बसता बसता शेठजी म्हणत, "हाई कॅलेंडर मुंबईमा छापेल शे. मुंबईना दिन मुंबईमा बुडी. आपला शहादाना दिन आजून वर शे."

मग ते डावा तळहात खिडकीशी धरत. हाताच्या रेषा दिसतात तोवर उजेड आहे, असा जुन्या माणसांचा ठोकताळा. गेल्या वर्षी मोतीबिंदूचं ऑपरेशन झाल्यापासून शेठजींची नजर अशी काही लख्ख झाली होती, की रस्त्यावरचे दिवे लागले तरी त्यांना त्या रेषा दिसत.

"देख, बारीक रेषा पन दिखी ऱ्हायनी. वाढ आजून एक."

आणि सोहनबाई वाढत.

यात सोहनबाईंचं काय बिघडत होतं, असं कोणालाही वाटेल. तर ते असं. चौविहार त्यांचाही होता. संध्याकाळची वेळ म्हणजे दुकानात गर्दीची. मुलगा महावीर आणि सून दोघंही तिथेच; त्यांचं व्रत नव्हतं, ते दुकान वाढवून रात्री निवांत जेवत. शेठजी मात्र हातातलं गिऱ्हाईक सुटत नाही तोवर गादीवरून उठत नसत, आणि मग धोतर सावरत घराकडे पळत सुटत. आल्या आल्या त्यांना फुलके हवेत, तेही तव्यावरून थेट ताटात. गार फुलका त्यांना चालत नसे आणि दुसऱ्या कोणाच्या हातचा आवडत नसे. नवऱ्याच्या आधी बायकोने जेवायचं नाही, ही घरची रीत. शेठजी हात धुऊन उठेपर्यंत सूर्य गेलेला असे, आणि सोहनबाईंच्या डोळ्यांचं ऑपरेशन झालेलं नसल्यामुळे त्यांना तो गेलेला स्पष्ट दिसे.

मग त्या कणकेचे हात धुवत, तवा उतरवत आणि उपाशी झोपत. शेठजी तोवर संध्याकाळच्या प्रार्थनेला, प्रतिक्रमणाला, जैन स्थानकात गेलेले असत. "तू जेवनी का?" असं त्यांनी कधी विचारलं नाही. आपण उठलो की ती जेवत असणार, एवढा साधा हिशेब. सोहनबाईंनीही कधी सांगितलं नाही, कारण भूक लागली हे मोठ्या बाईने तोंडाने सांगायचं असतं, हे त्यांना कोणी शिकवलंच नव्हतं. राग मात्र येई. असा राग येई की शेवटचा फुलका त्या तव्यावर जरा जोरातच आपटत, आणि तो त्यामुळे आणखी छान फुगे.

या घरात रिद्धीने बोर्ड आणला. रिद्धी ही नात, नववीत शिकणारी. शाळेतल्या विज्ञानाच्या सरांनी मुलांना तळहातावर मावतील असे छोटे बोर्ड घरी दिले होते. पुढच्या बाजूला लाल दिव्यांचे बारीक ठिपके, पाच ओळींत पाच-पाच. दोन बटणं. आवाज काढायला इवलासा स्पीकर. हलवलं तर कळतं, थंडी-ऊन कळतं, आणि गंमत म्हणजे जे दिवे लागतात त्यांनाच आजूबाजूचा उजेडही कळतो. काय कळलं की काय करायचं, हे लॅपटॉपवर पायथनमध्ये लिहून वायरने बोर्डात घालायचं. सरांनी सांगितलं होतं, घरातली एखादी अडचण सोडवून आणा. रिद्धीने आधी तो दादाजींच्या आरामखुर्चीखाली चिकटवला. दादाजी बसले आणि खुर्ची हलली की बोर्ड किंचाळायचा. यात कोणाची अडचण सुटली, असं सरांनी विचारलं, तेव्हा तिला दुसरं काही शोधावं लागलं.

"दादाजी, सूर्य बुडाला की नाही हे बोर्ड सांगेल," ती म्हणाली. "त्याला पोट नाही. तो कोणाच्याच बाजूने बोलणार नाही."

शेठजींना ते एकदम पटलं. यंत्रांवर त्यांचा माणसांपेक्षा जास्त विश्वास. महावीर आणि सुनेसमोर त्यांनी जाहीर करून टाकलं, "मशीनले ना भूक ना लालूच. हाई वाजनं का मी ताट सोडी देसू. मन्हा शबद शे."

रिद्धीने काही संध्याकाळी स्वयंपाकघराच्या पश्चिमेकडच्या खिडकीत बोर्ड ठेवून पाहिलं. सूर्य खराखुरा बुडतो तेव्हा उजेडाचा आकडा चाळीसच्या आसपास येतो, असं तिला दिसलं. तिने तसं लिहून टाकलं. उजेड चाळीसच्या वर असला की दिव्यांचा हसरा सूर्य, खाली गेला की फुली आणि पिकपिक आवाज.

शेठजी शब्दाला जागले. बोर्ड वाजला की घास खाली ठेवत. पण ते पूर्वीसारखेच अगदी शेवटी येत आणि वाजेपर्यंत जेवत. सोहनबाई तवा उतरवत तेव्हा बाहेर अंधारच असे. एवढ्या प्रामाणिक यंत्राने त्यांच्या पोटात एक घासही जास्त घातला नाही.

एका रविवारी दुपारी रिद्धी लॅपटॉप घेऊन बसली होती आणि शेजारी सोहनबाई मूग निवडत होत्या.

"हाई चाळीस काय शे वं?"

"उजेडाचा आकडा, दादी. त्याच्या खाली गेलं की सूर्य बुडाला."

"आन् आठे साठ लिखं तं?"

"तर लवकर बुडेल."

सोहनबाईंचा हात मुगात तसाच राहिला. साठ लिहिलं तर सूर्य लवकर बुडेल. जन्मभर देवाधर्माचं ऐकत आलेल्या बाईला एवढी मोठी गोष्ट आजवर कोणी सांगितली नव्हती.

"मले शिकाड," त्या म्हणाल्या.

रिद्धीला वाटलं दादीला हौस आली. आकडे सोहनबाईंना मोबाइलमुळे येतच होते, अक्षरंही अडखळत लागत. पायथन म्हणजे अजगर, हे ऐकून मात्र त्या थबकल्या. "अजगरनं नाव? चातुर्मासमा?" पण गरजवंत होत्या, तेवढं त्यांनी चालवून घेतलं. इफ म्हणजे जर, पण त्या इफच्या खालची ओळ आत का सरकवायची, हे रिद्धीला नीट सांगता येईना. सोहनबाईंनीच ते स्वतःला समजावून सांगितलं: वरची ओळ सासू, आत सरकलेली ओळ सून. सासूने हो म्हटलं तरच सून हलणार. रिद्धीने हे सरांना सांगायचं ठरवलं.

दुसऱ्या दिवशी रिद्धी शाळेत गेल्यावर सोहनबाईंनी लॅपटॉप उघडला. चाळीस पुसून साठ केले, वायर जोडली, बटण दाबलं. बोर्डावर रडका चेहरा आला आणि पाठोपाठ इंग्रजी अक्षरं सरकायला लागली. पदराने घाम पुसत त्यांनी ओळीवरून ओळ पुन्हा वाचून काढली, तेव्हा दिसलं: पुसता पुसता एक सून बाहेर येऊन सासूच्या रांगेत बसली होती. तिला त्यांनी परत आत ढकललं. बोर्ड हसला.

संध्याकाळी शेठजी नेहमीसारखे पळत आले, जेमतेम पोटभर जेवले, आणि आणखी एकासाठी हात पुढे केला तेवढ्यात पिकपिक झाली. त्यांनी खिडकीबाहेर पाहिलं, बोर्डाकडे पाहिलं.

"आजकाल दिन लवकर बुडी ऱ्हायना," म्हणत ते उठले. शब्द दिला होता ना.

ते स्थानकाकडे वळले आणि सोहनबाईंनी स्वतःसाठी ताट घेतलं. खिडकीत अजून पिवळा उजेड होता. कढी होती, पापडाची भाजी होती, आपल्याच हातचे गरम फुलके होते. पहिला घास घेतला आणि त्यांना एकदम रडूच आलं, मग रडण्याचं हसू आलं. किती वर्षांनी त्या चातुर्मासातलं संध्याकाळचं जेवण बसून जेवत होत्या! पापाचा विचारही त्यांनी करून पाहिला. सूर्य बुडाल्यावर खाणं पाप, बुडण्याआधी थांबणं पुण्य. म्हणजे आपण नवऱ्याला न विचारता रोज थोडं थोडं पुण्य मिळवून देतोय. हे पटल्यावर त्यांनी कढी आणखी थोडी वाढून घेतली.

मात्र हाव सुटली. साठाचे सत्तर झाले, सत्तरांचे ऐंशी. शेठजींचा चौथा फुलका गेला, मग तिसराही गेला. लवकर घरी येणं हा एक सोपा उपाय होता, पण तो त्यांना सुचला नाही. त्यांना दुसराच सुचला.

एका संध्याकाळी सोहनबाई लाटता लाटता वळल्या, तर शेठजी उजव्या हाताने जेवत होते आणि डाव्या हातात मोबाइल होता. मोबाइलचा टॉर्च चालू होता. आणि तो टॉर्च त्यांनी अगदी सहज धरल्यासारखा बोर्डावर धरला होता. बाहेर काळोख पडत चालला होता, समोरच्या घरात दिवा लागला होता, आणि खिडकीत बोर्ड भर दुपार असल्यासारखा हसत होता.

"मेसेज देखी ऱ्हायनू," शेठजी म्हणाले.

"देखा ना," सोहनबाई म्हणाल्या.

दुसरं काय म्हणणार? चोराने चोराला पकडायचं म्हटलं तर दोघांनाही चावडीवर जावं लागतं. त्या रात्री त्या पुन्हा उपाशी झोपल्या, दुसऱ्या रात्रीही. उपाशी पोटी त्यांना झोप आली नाही, पण युक्ती सुचली. संध्याकाळी खिडकीत येणारा उजेड कधीही दोनशेवर जात नाही, हे त्यांनी रिद्धीच्या आकड्यांत पाहिलं होतं. दोनशेवर जाईल तो फक्त मोबाइल.

सकाळी वेणी घालता घालता त्यांनी रिद्धीला विचारलं, "हाई व्हई नही तं ते व्हई, आसं लिखानं व्हई तं कसं लिखतस?"

"ऑर. कशाला दादी?"

"आसंच. मान हलू नको."

दुपारी त्यांनी ती ओळ लिहिली. उजेड ऐंशीच्या खाली गेला, ऑर दोनशेच्या वर गेला, तर सूर्य बुडाला. या वेळी एकही सून चुकली नाही. आपणच लिहिलेल्या त्या ओळीकडे त्या कितीतरी वेळ कौतुकाने बघत बसल्या.

संध्याकाळी शेठजींनी मोबाइल काढला, मेसेज बघायला लागले, टॉर्च पेटवला, आणि पेटवल्याबरोबर बोर्ड ठणाणा वाजला. ते असे दचकले की मोबाइल कढीत पडता पडता राहिला. त्यांनी टॉर्च बंद करून पुन्हा पेटवला. पुन्हा फुली, पुन्हा पिकपिक. सोहनबाई पाठ करून लाटत होत्या. त्यांचे खांदे हलत होते, पण लाटताना खांदे हलतातच.

तक्रार कोणाकडे करणार? मी फसवत होतो आणि यंत्राने मला फसवू दिलं नाही, असं सांगायला शेठजींना तोंड नव्हतं. रात्रभर विचार करून त्यांनी दोष खिडकीवर ढकलला.

"आठे भिंतनी सावली पडस," सकाळी त्यांनी सगळ्यांना ऐकवलं. "मशीन चांगलं शे, जागा खराब शे. आज गच्चीवर जेवसू. सूर्यना समोर. कोनीच काही बोलाले नको."

बाजाराची सुट्टी होती, म्हणून महावीर आणि सूनही घरी होते. महावीरने छोटी गॅसची शेगडी वर नेली, सुनेने पोळपाट-लाटणं नेलं. सोहनबाई गुडघे धरत जिना चढल्या. आज अंगावर काय येणार आहे याची त्यांना काहीच कल्पना नव्हती. उघड्यावर तवा तापायला वेळ लागेल, एवढीच काळजी. गच्चीवरून चारी बाजूंना कपाशी आणि केळीचे मळे दिसत होते, वर सातपुड्याची निळी रेघ. ढग नव्हते. वीतभर दिवस अजून वर होता.

शेठजींनी बोर्ड कठड्यावर ठेवला आणि त्याचं तोंड नीट सूर्याकडे करून दिलं. पाटावर बसले, हात जोडले, पहिला घास मोडला, आणि रिद्धीने बोर्ड चालू केला.

बोर्ड ठणाणा वाजला. फुली.

सगळ्यांनी बोर्डाकडे पाहिलं आणि मग सगळ्यांनी सूर्याकडे पाहिलं. सूर्य होता. चांगला गोल, सोनेरी, डोळ्यांत खुपणारा. आणि त्याच्या समोर बसून बोर्ड जीव तोडून सांगत होता, की सूर्य बुडाला.

सोहनबाईंच्या हातातून लाटणं निसटलं. दोनशेच्या वर! टॉर्चसाठी लावलेल्या सापळ्यात त्यांनी खुद्द सूर्यालाच पकडलं होतं.

रिद्धी लॅपटॉप घेऊन आली, वायर जोडली आणि वाचू लागली. "ऐंशी? मी तर चाळीस लिहिलं होतं. आणि हे ऑर..." ती थांबली. काल सकाळची वेणी तिला आठवली असावी, कारण तिने तोंडावर हात दाबला आणि तिच्या नाकातून हसू बाहेर आलं.

"कोनी करं हाई?" शेठजींनी विचारलं.

सून जिन्याकडे बघायला लागली, महावीर आकाशाकडे. सोहनबाईंनी पदर सारखा केला.

"मीच लिखेल शे," त्या म्हणाल्या. आवाजात भीती होती, पण थोडी ऐटही होती. "पहिलींदाव चुकनं व्हतं. मंग मीच सुधारं."

"तू? पायथन?" महावीर म्हणाला.

"आन् दोनशे कसाले?" शेठजींना राहवलं नाही.

"तुमना टॉर्चसाठे."

आता सुनेलाही हसू आवरेना. शेठजींचे कान लाल झाले. पण दुकानदार माणूस, मुद्दा सोडला नाही. "पन कसाले? मन्हं खाणं तुन्हा डोळामा खुपस का?"

सोहनबाई एवढा वेळ हसण्याच्या बेतात होत्या. या प्रश्नावर ते हसू गेलं.

"मले भी भूक लागस म्हनीसन," त्या म्हणाल्या. "तुम्ही उठतस तव्हय दिन बुडेल ऱ्हास. मंग मी काय खाऊ? अंधारं?"

खाली रस्त्यावरून एक ट्रॅक्टर गेला. रिद्धीने हसता हसता दादीकडे पाहिलं आणि तिचं हसू अर्ध्यावरच राहिलं. तिला हे माहीत नव्हतं. कोणालाच माहीत नव्हतं.

शेठजींनी मोडलेला घास ताटात ठेवला. सूर्याकडे पाहिलं. तो पश्चिमेला दूर दिसणाऱ्या पाण्याच्या टाकीवर टेकायला आला होता. ते घाईघाईने पाटावरून उठले.

"आजून शे. बठ आठे."

"मी?"

"बठ म्हनी ऱ्हायनू ना. मी लाटस."

सून पुढे झाली तर तिला त्यांनी हाताने थांबवलं. हट्टी माणूस. जन्मभर कापड मापलं, पण लाटणं कधी हातात धरलं नव्हतं. फुलका ब्लाउजपीससारखा चौकोनी झाला. तो मोडला. दुसरा पोळपाटाला चिकटला. सोहनबाई रिकाम्या ताटासमोर बसून बघत होत्या, "पीठ लावा वरथून," असं सांगत होत्या, आणि त्यांना मजा वाटत होती. शेठजींच्या कपाळावरून घाम ओघळत होता, ते एकदा तव्याकडे बघत, एकदा टाकीकडे. तिसरा फुलका एका बाजूने का होईना, टम्म फुगला. त्यांनी तो बोटं भाजत उचलला आणि विजयाने वळले.

सोहनबाई तांब्यातल्या पाण्याने हात धुवत होत्या.

"बुडना," त्या म्हणाल्या.

शेठजींनी वळून पाहिलं. टाकीमागे नुसती लाली होती. गरम फुलका या हातातून त्या हातात करत ते तसेच उभे राहिले. घासाघीस करायला त्यांचं तोंड उघडलं होतं, ते मिटलं.

"रोज आसंच व्हस?" त्यांनी विचारलं.

"रोज."

दुसऱ्या दिवशी चांगलं ऊन असताना शेठजी गादीवरून उठले. समोर एक बाई तीन साड्या उलगडून बसली होती, ती बघतच राहिली. घरी येऊन ते पाटावर बसले नाहीत. मांडणीवरून दुसरं ताट काढलं आणि स्वतःच्या ताटाला लावून ठेवलं.

"फुलका पहिलेच करी ठेव," ते म्हणाले. "दोन्हीसना. मंग आपन संगे बठूत."

"ठंडा व्हई जातीन."

"व्हऊ दे."

दोघं शेजारी बसून जेवले. तिसरा फुलका शेठजी बराच वेळ चावत राहिले.

"चामडं शे हाऊ," ते म्हणाले.

"खा," सोहनबाई म्हणाल्या आणि पापडाच्या भाजीचं पातेलं त्यांनी आपल्याकडे ओढलं.